टिटवें कोणीं धरलें आणि वारस कोण ठरला ?

आमच्या खेड्यापाड्यांत माणूस मेला म्हणजे दोन पंचायती बसतात. पहिली प्रेत उचलतांनाच बसते. टिटवें कोणीं धरायचें हा तिचा प्रश्न. दुसरी दहाव्या-बाराव्यानंतर चावडीवर बसते. सातबाऱ्यावर नांव कोणाचें लावायचें हा तिचा प्रश्न. पहिलींत जो जिंकला तो दुसरींतहि आपणच जिंकलों असें समजून चालतो. आणि मेलेल्या माणसाचें जें मूल वर्षानुवर्षें त्याच्यापासून दूर राहिलें, आईबरोबर आजोळीं वाढलें किंवा भांडून परगांवीं गेलें, तें या दोन्ही पंचायतींस उशिरा पोंचतें. त्यास ठरलेलें उत्तर मिळतें : “बाप जिवंत असतां त्याचें तोंड पाहिलें नाहींस, मेल्यावर खांदा दिला नाहींस, आतां वांटा मागायला कोणत्या तोंडानें आलास ?” पोरगा मान खालीं घालतो आणि परत जातो. मुलगी असली तर ती येतच नाहीं.

या एका उत्तरानें आजवर किती लेंकरांचे हक्क बुडाले याची गणती कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. म्हणून आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांस आज एकच गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. आईबापांशीं बोलणें तुटल्यानें वारसा तुटत नाहीं. बाप रागावला म्हणून, बापानें टाकलें म्हणून, आपण घर सोडलें म्हणून किंवा मातीस पोंचलों नाहीं म्हणून कोणाहि मुलाचा वा मुलीचा कायद्यानें दिलेला हक्क जात नाहीं. तो जातो आपल्या गप्प बसण्यानें, न वाचतां उठविलेल्या अंगठ्यानें आणि भाऊबंदांच्या भिडेनें.

आमच्या वर्गांत आईबापांची आणि मुलांची ताटातूट कशी होते हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बाप पोटामागें मुंबईस गेला, गिरणींत लागला, तेथें दुसरें बिऱ्हाड केलें आणि गांवाकडची मनिऑर्डर बंद झाली. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत असे संसार गांवोगांव होते, आणि त्यांच्या वारसांचे तंटे गिरण्या बंद पडल्या तरी मिटले नाहींत. कोठें मुलीच झाल्या म्हणून, कोठें हुंड्यावरून, सुनेस लेंकरांसह माहेरीं धाडली आणि पुन्हा नेलीच नाहीं. कोठें दारूपायीं बापानें घर मोडलें. कोठें सुताराचा किंवा लोहाराचा मुलगा बापाच्या धंद्यांत पडला नाहीं म्हणून, कोठें लेकीनें जातीबाहेर लग्न केलें म्हणून बोलणें तुटलें तें तुटलेंच. अशा लेंकरांच्या वांट्यास ती जुनी म्हण येते : आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना. जिवंतपणीं बापानें पोसलें नाहीं. तो मेल्यावर भाऊबंद म्हणतात, पोसलें नाहीं म्हणूनच तुझा संबंध नाहीं. म्हणजे अपराध बापाचा आणि शिक्षा पोराला ! हा न्याय कोणत्या गांवचा ?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. हिंदु वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलांत आला. तो सुखासुखीं आलेला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हिंदु कोड बिल लढविलें, सनातनी मंडळींनीं तें अडविलें, आणि तें असें रखडविलें गेलें हें सप्टेंबर १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचें एक मुख्य कारण होतें. पुढें त्याच बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले त्यांपैकीं हा एक. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांसहि तो लागू आहे. अनुसूचित जमातींस मात्र तो लागू नाहीं, त्यांचा वारसा त्यांच्या रूढीनें चालतो.

या कायद्याप्रमाणें पुरुष मृत्युपत्र न करितां मेला तर त्याची मिळकत प्रथम त्याचे मुलगे, मुली, विधवा आणि आई यांस सारख्या हिश्शानें जाते. एखादा मुलगा किंवा मुलगी बापाच्या आधींच वारली असेल तर त्यांच्या लेंकरांसहि वांटा मिळतो. वारस अपात्र केव्हां ठरतो हेंहि कायद्यानें मोजून सांगितलें आहे. ज्यानें मिळकतीसाठीं खून केला किंवा खुनास साह्य केलें तो अपात्र. धर्मांतर केलेला मुलगा स्वतः अपात्र होत नाहीं. मात्र धर्मांतरानंतर झालेलीं त्याचीं मुलें, वारसा उघडतेवेळीं हिंदु नसलीं तर, हिंदु नातलगांचीं वारस होत नाहींत. आणि अठ्ठाविसाव्या कलमांत सरळ सांगून ठेविलें आहे कीं, रोग, व्यंग किंवा या कायद्यांत न दिलेलें दुसरें कोणतेंहि कारण दाखवून कोणासहि वारसांतून काढतां येणार नाहीं. या कारणांच्या यादींत “बापाशीं बोलत नव्हता” हें कारण नाहीं. “आईबरोबर निघून गेला” हें नाहीं. “जातीबाहेर लग्न केलें” हेंहि नाहीं. जातीनें वाळीत टाकल्यामुळें वारसा बुडतो ही समजूत तर इंग्रज सरकारनें १८५० सालींच एका कायद्यानें मोडून काढली होती. आमच्या जातपंचांच्या कानीं ती बातमी अजून गेलेली दिसत नाहीं.

टाकलेल्या बायकोचेंहि तसेंच. ती वीस वर्षें माहेरीं राहिली तरी, फारकत झाली नसेल तर ती नवऱ्याची विधवा आहे आणि वारस आहे. ज्या जातींत काडीमोडीची रूढी आहे तेथें ती रूढी कायद्यानें मानली आहे. परंतु अशी रूढी होती आणि त्याप्रमाणें काडीमोड खरोखर झाली, हें जो म्हणतो त्यानें सिद्ध करावें लागतें. नुसत्या तोंडी गप्पांनीं चालत नाहीं. आणि फारकत झाली तरी बायकोचें नातें तुटतें, लेंकरांचें तुटत नाहीं. नवराबायकोस सोडचिठ्ठी देतां येते. बापलेकांस देतां येत नाहीं.

कांहीं बाप रागाच्या भरांत वर्तमानपत्रांत नोटीस छापून मुलास बेदखल करितात. अशा नोटिशीनें छापखान्याचें भलें होतें, दुसरें कांहीं होत नाहीं. मुलास खरोखरच कांहीं द्यावयाचें नसेल तर बापानें मृत्युपत्र केलें पाहिजे, त्यावर सही किंवा अंगठा केला पाहिजे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. तें न करितां तो मेला तर नोटीस कपाटांत राहते आणि मुलगा वारस होतो.

आतां टिटव्याकडे वळूं. जो पाणी देतो, जो पिंड पाडतो, तोच धनाचा मालक, ही कल्पना आमच्या लोकांच्या हाडीमासीं खिळली आहे. बंगालच्या दायभाग ग्रंथांत पिंडदानाचा आणि वारशाचा असा सांधा जोडलेला आहे खरा. परंतु महाराष्ट्रांत चाललेली मिताक्षरा ज्यानें लिहिली तो विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होऊन गेला, आणि त्यानें पिंड शब्दाचा अर्थ भाताचा गोळा असा न करितां शरीर असा केला. ज्यांच्या अंगांत एकाच देहाचा अंश आहे ते सपिंड. म्हणजे ज्यांच्या पोथीचा दाखला देऊन तुम्हांस दटावतात, त्या पोथीचा कर्ताहि वारसा रक्तानें ठरवितो, दर्भानें ठरवीत नाहीं.

या बाबतींत आमच्या चळवळीच्या जनकाच्या घरीं घडलेली गोष्ट प्रत्येक बहुजन घरांत माहीत असली पाहिजे. स्त्रीशूद्रांस शिकविण्याच्या कामापायीं १८४९ सालीं जोतीरावांस आणि सावित्रीबाईंस वडिलांचें घर सोडावें लागलें. बापलेकांची ताटातूट म्हणजे काय हें जोतीराव अनुभवानें जाणत होते. त्यांना मूल नव्हतें. फसलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं पदरांत घेतला, त्याचें नांव यशवंत ठेविलें, आणि १८८७ सालीं मृत्युपत्र करून आपल्यामागची व्यवस्था लिहून ठेविली. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. अंत्ययात्रा निघतांना नात्यांतले लोक आडवे आले. टिटवें धरण्याचा मान यशवंताचा नाहीं, आमचा आहे, असें ते म्हणूं लागले. कारण टिटवें ज्याच्या हातीं मिळकत त्याच्या हातीं, अशी समजूत. तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या आणि त्यांनीं स्वतः टिटवें धरलें. त्या काळीं बाईनें स्मशानांत जाणें हेंच पाप समजत. ज्या भाऊबंदांचा जोतीरावांच्या कामास उपयोग नव्हता ते त्यांच्या मडक्यासाठीं भांडत होते, हें लक्षांत ठेवावें. आज आपल्या गांवांत टिटव्याचा वाद निघाला तर तो बहुधा प्रेमाचा वाद नसतो; जमिनीचा असतो.

हक्क आहे म्हणजे किती आहे, हें गुंठ्यांत मांडून दाखवितों. समजा, एका शेतकऱ्याकडे बारा एकर वडिलार्जित एकत्र कुटुंबाची जमीन होती. त्याची लग्नाची बायको एक मुलगा व एक मुलगी घेऊन माहेरीं राहिली. त्यानें फारकत न घेतां दुसरी बाई घरांत आणली. तिला दोन मुलगे झाले. त्याची आई आधींच वारलेली. तो मृत्युपत्र न करितां मेला. प्रथम तो मरण्यापूर्वीं वांटणी झाली असती तर काय झालें असतें तें पहावयाचें. बाप, पहिलीचा मुलगा, पहिलीची मुलगी आणि पहिली बायको असे चार हिस्से; प्रत्येकीं तीन एकर. मग बापाचे जे तीन एकर, म्हणजे १२० गुंठे, त्यांचे वारस पांच : विधवा, तिचीं दोन मुलें आणि दुसरीचे दोन मुलगे. प्रत्येकास २४ गुंठे. एकूण हिशेब असा : माहेरीं राहिलेली बायको ३ एकर २४ गुंठे, तिचा मुलगा ३ एकर २४ गुंठे, तिची मुलगी ३ एकर २४ गुंठे, आणि दुसरीच्या दोघां मुलांस २४-२४ गुंठे. हीच जमीन बापाच्या स्वकष्टाची असती तर बारा एकरांचे सरळ पांच हिस्से, म्हणजे प्रत्येकास २ एकर १६ गुंठे. आणि प्रत्यक्षांत गांवांत काय होतें ? जे कसत बसले त्यांच्या नांवें सबंध बारा एकर चढतात.

मुलीचा हिस्सा मुलाएवढा कसा, असें कोणी विचारील. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून, त्यापूर्वीं लग्न न झालेल्या मुलींस, वडिलार्जित मिळकतींत जन्मानें हिस्सेदार केलें. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशांत लग्न झालेल्या व न झालेल्या सर्व मुलींस तो हक्क मिळाला. बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेली खरी वांटणी किंवा विक्री उकरतां येत नाहीं. दुसऱ्या बिऱ्हाडाच्या मुलांस बापाच्या हिश्शांत वांटा आहे, हें त्याच न्यायालयानें १ सप्टेंबर २०२३ रोजीं ठरविलें आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आजाकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलार्जित ठरते असें नाहीं. आजा १९५६ नंतर वारला आणि त्याची स्वतःची जमीन बापाच्या हिश्शास वारसानें आली, तर ती बापाची एकट्याची मानली जाते. स्वतःची मिळकत बाप मृत्युपत्रानें कोणासहि देऊं शकतो. परक्यासहि देऊं शकतो, आणि मुलास एक गुंठाहि न ठेवतां देऊं शकतो. एकत्र मिळकतींत मात्र तो आपल्या हिश्शापुरतेंच लिहूं शकतो; मुलांच्या हिश्शावर त्याची लेखणी चालत नाहीं. म्हणून भाऊबंदांनीं मृत्युपत्राचा कागद पुढें केला तर तो पाहून घाबरून परत फिरूं नये. त्याची नक्कल घ्यावी, साक्षीदार कोण तें पहावें, आणि जमीन बापाकडे कशी आली हें जुन्या फेरफारांवरून तपासावें.

शेजारच्या गोव्यांत कायदा निराळा आहे. पोर्तुगीज अमदानींतली पद्धत तेथें मुक्तीनंतरहि चालू राहिली आणि २०१२ सालच्या गोव्याच्या वारसा कायद्यांतहि ती कायम आहे. मुलें असतां बापास अर्ध्याच मिळकतीचें मृत्युपत्र करितां येतें. उरलेलें अर्धें मुलांचें, आणि तें काढून घ्यावयाचें तर कायद्यांत दिलेलें कारण लागतें, नुसता राग पुरत नाहीं. मुसलमान बांधवांतहि वारसांच्या संमतीवांचून तिसऱ्या हिश्शाहून अधिक मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. बापाच्या लहरीस कोठें तरी बांध असावा, हें या दोन्ही व्यवस्थांनीं ओळखिलें आहे. अज्ञान मुलांस आणि टाकलेल्या बायकोस असा बांध आमच्या कायद्यांतहि हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दूर गेलेली ती आई असेल तर ? नवरा मेल्यावर बाईनें पाट लावला आणि लेंकरें चुलत्यांकडे राहिलीं, असें पुष्कळ घरीं होतें. ती आई मृत्युपत्र न करितां मेली तर पहिल्या घरचीं व दुसऱ्या घरचीं लेंकरें आणि हयात नवरा यांस तिच्या मिळकतींत सारखा वांटा आहे. उलट, आईबरोबर दुसऱ्या घरीं गेलेल्या पोरास सावत्र बापाचा वारसा मिळत नाहीं, पण जन्मदात्या बापाच्या शेतांतला त्याचा वांटा तसाच राहतो. “आई उठून गेली, तिचीं पोरें गेलीं” असें म्हणून चुलत्यांनीं तो गिळावयाचा नाहीं. बाईस नवऱ्याचा जो वांटा वारसानें मिळाला तोहि पुढें पाट लावल्यानें परत जात नाहीं. १८५६ च्या कायद्यांत तो जात असे. ज्या जातींत पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्यांच्या विधवांवरहि मुंबई हायकोर्टानें तें कलम लादलें होतें. तो काळ संपला.

वारसा नको म्हणण्याचें आणखी एक कारण असतें तें म्हणजे कर्जाची भीति. बापानें जिवंतपणीं फुटकी कवडी दिली नाहीं, आणि मेल्यावर सावकार व सोसायटी आपल्या दारीं येतील, असें पोरास वाटतें. याहि बाबतींत निर्धास्त असावें. बापाकडून जेवढें हातीं आलें तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. त्यापलीकडे स्वतःच्या घामाच्या पैशास कोणी हात लावूं शकत नाहीं. या मुंबई इलाख्यांत १८६६ सालींच तसा कायदा झाला होता. ९ सप्टेंबर २००५ नंतर केलेल्या बापाच्या कर्जापायीं, मुलाचें धर्मकर्तव्य म्हणून त्याच्यावर दावा करितां येत नाहीं, हेंहि नव्या कायद्यानें ठरविलें.

आतां हक्क बुडतो कसा तें सांगतों, म्हणजे तो राखावा कसा तें कळेल. माणूस मेल्यावर तलाठ्याकडे, म्हणजे सरकारनें आतां ज्याचें नांव ग्राम महसूल अधिकारी केलें त्याच्याकडे, वारसाची वर्दी जाते. वर्दी देतो तो घरांत असलेला. तो प्रतिज्ञापत्रावर आपलीं नांवें घालतो आणि दूरच्यांचीं गाळतो. पंच म्हणून सही करणारेहि त्याचेच. नोटीस लागते ती चावडीवर, आणि वारस असतो आजोळीं. मुदत संपते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करितात, आणि मग सर्व गांव म्हणतें कीं सरकारनेंच ठरविलें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो तो असा.

परंतु हें पक्कें समजावें कीं फेरफारानें मालकी ठरत नाहीं. ती नोंद सारा कोणाकडून घ्यावयाचा एवढ्यासाठीं. सातबाऱ्यावर थोरल्याचें नांव “ए. कु. क.” म्हणून असलें तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता एवढाच अर्थ, बाकीच्यांचे वांटे गेले असा अर्थ नव्हे. नुसता एका वारसानें जमीन बरींच वर्षें कसली म्हणून दुसऱ्या वारसाचा हक्क संपत नाहीं. मात्र त्यानें उघड उघड तुमचा हक्क नाकारला आणि तुम्हीं बारा वर्षें हूं कीं चूं केलें नाहीं, तर प्रकरण बिकट होतें. म्हणून उशीर करूं नये.

करावयाचें तें असें. मृत्यूचा दाखला काढावा. तीन महिन्यांच्या आंत आपल्या नांवानें वारसाची वर्दी लेखी द्यावी आणि पोंच घ्यावी. मुदत टळली म्हणून हक्क टळत नाहीं, तरीहि वर्दी द्यावी. दुसऱ्यानें आधींच वर्दी दिली असेल तर लेखी हरकत द्यावी. हरकत आली म्हणजे प्रकरण तक्रारीच्या नोंदवहींत जातें आणि सुनावणी करावी लागते. फेरफार मंजूर होऊन गेला असेल तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करावें. मालकीचा खरा निकाल दिवाणी कोर्टांत वांटणीच्या दाव्यानें लागतो. बँकेंतल्या पैशांसाठीं नॉमिनी दुसराच निघाला तरी घाबरूं नये. नॉमिनी पैसे उचलतो, मालक वारस असतात. आईच्या लग्नाचा पुरावा, जन्माची नोंद, बापाचें नांव असलेला शाळेचा दाखला आणि जुनें रेशनकार्ड हे कागद सोन्यासारखे जपावे. आणि हक्कसोडपत्रावर, तें कोणी तिऱ्हाइतानें मोठ्यानें वाचून दाखविल्यावांचून, सही किंवा अंगठा करूं नये. स्थावराचा हक्क सोडावयाचा कागद रजिस्टर झाला पाहिजे. “साडीचोळी घे आणि इथें सही कर” असें म्हणून बहिणीस कचेरींत नेणारा भाऊ तिला काय समजावून सांगतो, हें आम्ही पाहत आलों आहों. वकिलास द्यावयास पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति आहे. स्त्रिया, मुलें आणि अनुसूचित जाति-जमाती यांस, उत्पन्न कितीहि असो, तेथें फुकट वकील मिळतो. हा उपकार नाहीं. १९८७ च्या कायद्यानें दिलेला अधिकार आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ज्या मुलानें म्हाताऱ्याचें अंथरूण धुतलें, औषधपाणी केलें, जमीन राखिली, त्यानें शहरांत राहिलेल्या आणि कधीं न फिरकलेल्या भावास सारखा वांटा कां द्यावा ? आम्ही म्हणतों, सेवेचा मोबदला द्यावा असें वाटणें योग्य आहे. पण तो देण्याचा अधिकार ज्याची सेवा झाली त्याचा. बापानें जिवंतपणीं आपल्या हिश्शाचें मृत्युपत्र करावें आणि सेवा करणाऱ्यास जास्त द्यावें. कायदा आड येत नाहीं. सेवा करणाऱ्यानें जमिनींत विहीर पाडली, कर्ज फेडलें, तर त्याचा हिशेब वांटणींत मांडावा. जीं मुलें म्हाताऱ्यांस टाकतात त्यांच्याकडून पोटगी मागण्यास आईबापांसाठीं २००७ सालचा कायदा आहे. परंतु बाप कांहीं न लिहितां मेल्यावर, त्याच्या मनांत काय होतें तें आपणच ठरवावयाचें आणि दुसऱ्याचें नांव गाळावयाचें, ही सेवा नव्हे. मेलेल्याच्या टाळूवरचें लोणी खाण्याचाच हा प्रकार.

टाकलेल्या लेंकरांच्या मनांतला अभिमानहि आम्ही ओळखतों. “ज्यानें आईला रडविलें त्याचें मला कांहीं नको,” असें पुष्कळ मुलें म्हणतात. हा बाणा ऐकावयास गोड आहे, पण त्याचा लाभ कोणास होतो तें पहावें. तुम्हीं सोडलेलें शेत बापाबरोबर जळत नाहीं. जो दांडगा तो तें खातो. आणि तें शेत एकट्या बापाचें कधीं होतें ? त्यांत तुमच्या आईनें नांदत होती तोंवर निंदणी-खुरपणी केली, शेणाच्या पाट्या वाहिल्या. लोहाराच्या घरीं तिनेंच भाता ओढला, कुंभाराच्या घरीं तिनेंच माती तुडविली. त्या कष्टांची मजुरी तिला कोणीं दिली ? तुम्हांस नको असेल तर वांटा घ्या आणि तिच्या नांवें करा, बहिणीस द्या; पण चोरास देऊं नका.

आणि वांटा मिळाल्यावर दुसऱ्या बिऱ्हाडाच्या लेंकरांस रस्त्यावर काढूं नका. त्यांनीं आपली आई निवडली नाहीं, तुम्हींहि आपला बाप निवडला नव्हता. शूद्राच्या दासीपुत्रास वांटा आहे असें जुन्या मिताक्षरेंतहि सांगितलें होतें; आजचा कायदा त्याहून पुढें गेला आहे. त्या बाईस मात्र कायदा वारस मानीत नाहीं. जिनें त्या माणसाचें शेवटचें दुखणें काढलें तिला राहत्या खोलींतून हुसकण्यापूर्वीं आपल्या आईस कोणीं कसें हुसकलें होतें तें आठवावें.

सरकारकडे आमचें मागणें थोडकें आहे. वारसाची नोंद करण्यापूर्वीं मयताच्या सर्व बायकामुलांचा शोध गांवकामगारांनीं स्वतः करावा आणि परगांवीं असणाऱ्यांस टपालानें नोटीस पाठवावी. वारसांचीं नांवें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावीं. ज्यानें खोटें प्रतिज्ञापत्र करून सख्ख्या भावाबहिणीचें नांव गाळलें त्याच्यावर खटला भरावा. अशा चार खटल्यांनीं चाळीस गांवें शहाणीं होतील. हक्कसोडपत्र नोंदतांना तें सोडणाऱ्या बाईस, भाऊ बाहेर उभा ठेवून, अधिकाऱ्यानें समजावून सांगावें.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंवर आपल्या हातचें आपण करावें. ज्या वाचकांच्या घरीं, शेजारीं किंवा नात्यांत असें टाकलेलें लेंकरूं असेल त्यांनीं हा अंक त्याच्या आईस वाचून दाखवावा, तिच्या पेटींतले कागद काढून पहावे, आणि येत्या बाजारच्या दिवशीं तिच्याबरोबर कचेरींत जाऊन सातबाऱ्याची व फेरफाराची नक्कल काढावी. कचेरींत एकटीनें जावयास तिला भीति वाटते. दोघें असलीं म्हणजे वाटत नाहीं.